अठ्ठेचाळीस धाग्यांचा वानवळा

ठमाबाईनं थोरल्या दिरावर डूख धरला तो एकोणीसशे एक्कावन्नच्या माघात, आणि पुढं बारा वर्षं तो जसाच्या तसा जपला. माणसं लोणचंसुद्धा इतकं जपत नाहीत. गावात तिला कुणी वाईट म्हणत नसे. कुणाच्या घरी बाळंतीण अडली, कुणाचा बैल हरवला, की ही पुढं. फक्त येसाजीचं नाव निघालं की ती तोंडातली मिश्री थुंकायची आणि हातातल्या कामाला लागायची.

त्यांचं गाव अलिबागच्या दक्षिणेला, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला भातखाचरं. पावसाळ्यात भात, भात निघालं की विहिरीच्या पाण्यावर वांगी, भेंडी, टमाटे आणि पांढरा कांदा. येसाजी आणि कान्हा हे दोघे भाऊ, विहिरीकडची वाडी दोघांची मिळून होती. कान्हा ठमाबाईचा नवरा. तो आठ दिवसांच्या तापात गेला. मागं बायको आणि आठ वर्षांची जनी.

तेरावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी येसाजीनं चार पंच ओटीवर बसवले. ठमाबाई दाराआड उभी होती. येसाजी म्हणाला, "कान्हाच्या मागं पोरगा न्हाय. पोरगी काय, लोकाच्या घरी जायाची. बाईच्या जातीनं वंश चालत न्हाय. वाडी माझ्याकडं ऱ्हाऊ दे, ठमाला खालची पट्टी द्या. दोघींच्या पोटाला लई झाली." पंचांनी माना डोलावल्या, पान खाल्लं आणि उठले. ज्या वाफ्यांना तिनं दहा वर्षं पाणी पाजलं होतं ते एका पानाच्या विड्यात गेले. ठमाबाई रडली नाही. रडली असती तर कदाचित पुढचं काही घडलं नसतं.

खालची पट्टी म्हणजे रेताड, कुंपणाकडं उतरती जमीन. तिथलं वांगं सकाळी टवटवीत दिसायचं आणि दुपारी मान टाकायचं. उपटून पाहावं तर मुळांना आल्याच्या कांड्यांसारख्या गाठी. गावात त्याला गाठ्या म्हणत आणि नशिबाला बोल लावून पुढं जात. ठमाबाईनं नशिबाला नाही, दिराला बोल लावला. त्याला ठाऊक होतं, म्हणूनच त्यानं ही पट्टी आपल्या पदरात टाकली, असं ती धरून चालली. त्याला खरंच ठाऊक होतं का, हे तिनं कधी विचारलं नाही. डूख धरणाऱ्याला असल्या चौकशा परवडत नाहीत.

पण बाई हुशार. आपल्याकडं भाताच्या रोपासाठी राब भाजतात. शेण, पाला, फांद्या पसरून जमीन जाळून काढतात. तिनं वांग्याच्या रोपासाठीही राब भाजला. लोक हसले, "ठमा वांग्याचं भरीत शेतातच करते" म्हणाले. त्या साली तिची वांगी कंबरेएवढी झाली. दोन वर्षांत हसणारेच तिच्या दारात रोपं मागायला उभे राहिले. कुंपणाचा एक कोपरा तेवढा तिला भाजता आला नाही, कारण जाळ केला तर शेजाऱ्याच्या माडाच्या झावळ्या पेटायच्या. त्या कोपऱ्यात गाठ्या तशाच राहिल्या.

रोपांच्या जिवावर तिनं जनीला वाढवली आणि एकोणसाठ साली पालीजवळच्या एका गावात दिली. लग्नाआधी तिनं पोरीला शपथ घातली होती: काकाचा उंबरा ओलांडायचा नाही, त्याच्या हातचं काही घ्यायचं नाही. "तो केसानं गळा कापनारा मानूस हाय, जने," असं ती सांगे. जनी मान हलवी. पोरगी गरीब स्वभावाची, आईशी वाद घालणारी नव्हती.

बासष्टच्या हिवाळ्यात गावात कमळ आली. मुंबईच्या कॉलेजात शिकलेली, चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी, अलिबागला मावशीकडं उतरलेली. वांग्याच्या मुळांतल्या किडीवर ती मोठ्या परीक्षेसाठी काम करत होती. सायकलला पत्र्याची पेटी बांधून गावोगाव हिंडायची आणि लोकांची मेलेली झाडं मागायची. लोकांनी तिला वेडी ठरवली. ठमाबाईनं तिला भाकरी वाढली आणि कुंपणाचा कोपरा दाखवला.

कमळनं ओटीवर सूक्ष्मदर्शक मांडला, त्याच्या खालचा आरसा उन्हाकडं वळवला आणि एक गाठ सुईनं फोडली. "बघा, ठमामावशी."

ठमाबाईनं डोळा लावला. पांढरीशुभ्र, मोत्यासारखी, एखाद्या इवल्या गडूच्या आकाराची वस्तू दिसली.

"ही मादी," कमळ म्हणाली. "सूत्रकृमी म्हणतात हिला. लहानपणी सुतासारखी असते, मुळात घुसते आणि एका जागी बसून फुगते. हा चिकट थेंब दिसतो ना, यात तिची तीनचारशे अंडी आहेत."

"आनि हिचा नवरा?"

"नवरा नाही."

"मेला?"

"नव्हताच. हिला नर लागतच नाही, मावशी. एकटी अंडी घालते, त्यांतून लेकी निघतात, त्या लेकी पुन्हा एकट्याच अंडी घालतात."

ठमाबाईनं डोळा काढला आणि मुलीकडं नीट पाहिलं. थट्टा करते आहे असं दिसलं नाही. कमळनं मग काचेवर दुसरं काहीतरी ठेवलं. एक अंडं होतं, तांबड्या रंगात भिजवून चेपलेलं. त्यात नाचणीच्या दाण्यांसारखे बारीक ठिपके विखुरले होते. ती म्हणाली, "ही गुणसूत्रं. आईचे गुण लेकरात जातात ते यांच्यातून. धागे म्हणा. माणसात, गाईगुरांत आईचे निम्मे धागे आणि बापाचे निम्मे एकत्र येतात. त्यासाठी अंडं होताना आईचे धागे आधी जोडीनं बसतात आणि निम्मे होतात. या किडीत ते जोडीनं बसतच नाहीत आणि निम्मेही होत नाहीत. आईचे सगळेच्या सगळे धागे लेकीत जातात."

"म्हंजी लेक आईसारखी."

"आईसारखी नाही, आईच. पुन्हा पुन्हा तीच."

"आनि पोरगे व्हतच न्हाईत?"

"होतात कधी कधी. गर्दी झाली, खायला कमी पडलं, की थोडे नर निघतात. मातीत इकडंतिकडं हिंडतात आणि मरतात. वंशाला त्यांचा काही उपयोग नाही."

ठमाबाई हसली. अकरा वर्षांत ती अशी हसली नव्हती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि कमळलाही कारण न कळता हसू आलं. बाईच्या जातीनं वंश चालत नाही म्हणणारा तिकडं विहिरीकडच्या वाडीत पाणी लावत होता आणि इकडं तिच्या कोपऱ्यात नवऱ्यावाचून, पोरावाचून, पंचांना न विचारता लाखांनी वंश चालला होता.

जाताना कमळ म्हणाली, "एक सांभाळा. ही कीड स्वतः वीतभरही चालत नाही. माणसंच तिला नेतात. रोपाच्या मुळाशी माती असते ना, तिच्यातून ती जाते. एकदा जमिनीत शिरली की निघत नाही. या कोपऱ्यातलं एकही रोप कुणाला देऊ नका."

"न्हाय देत," ठमाबाई म्हणाली. पोरीनं बिचारीनं सावध केलं, आणि ठमाबाईनं त्या सावधगिरीची पाककृती करून ठेवली.

तिनं घाई केली नाही. वर्षभर त्या कोपऱ्यात भेंडीमागून भेंडी लावली, कारण भेंडीच्या मुळांवरही तशाच गाठी येतात हे तिनं पाहिलं होतं. वाळलेली झाडंही तिथंच गाडली. लोक गाय पाळतात, कोंबड्या पाळतात. हिनं किडा पाळला. त्रेसष्टच्या आश्विनात त्याच मातीत, राब न भाजता, वांग्याचं बी टाकलं. कार्तिकात रोपं वीतभर झाली. वरून हिरवीगार, एका पानाला डाग नाही. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी होत्या, त्यांवर तिनं चांगला चिखलाचा गोळा बसवला आणि केळीच्या सोपटात बांधून पाटी भरली.

पहिली निपज, पहिली रोपं भाऊबंदांत वानवळा म्हणून द्यायची, ही तिथली जुनी रीत. भांडण कितीही असो, उंबऱ्यावर आलेला वानवळा माघारी धाडत नाहीत. बारा वर्षांत तिनं येसाजीकडं कोथिंबिरीची काडी पाठवली नव्हती. त्या दिवशी ती स्वतः पाटी घेऊन गेली. जाऊ, चंद्राबाई, दारात आली. पाटी बघून तिचा चेहराच उजळला. "आलीस व्हय गं," एवढंच ती बोलली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. ठमाबाईला क्षणभर कसंसं झालं, नाही असं नाही. पण तो क्षण टिकला नाही. ती पाटी रिकामी करून निघून आली.

येसाजीनं ती रोपं विहिरीला लागूनच्या वाफ्यात लावली, सगळ्यांत चांगल्या मातीत आणि आपल्या हातानं. ठमाबाई कुंपणाकडनं बघत होती. त्यानंतर तिचा रोजचा नेम झाला: दुपार झाली की पट्टीच्या चढावर जायचं आणि दिराचा वाफा बघायचा. पौषात काही नाही. माघात पहिल्या झाडानं मान टाकली. फाल्गुनापर्यंत अख्खा वाफा दुपारचा लोळायला लागला, आणि येसाजी पाण्यावर पाणी लावत सुटला. त्याच पाण्याबरोबर कीड पुढच्या वाफ्यांत गेली. ठमाबाईला जेवण गोड लागायला लागलं. पुढच्या सालात टमाटे गेले, भेंडी गेली. येसाजीनं झाड उपटून मुळं हातात धरली आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. तेही तिनं पाहिलं. घरी येऊन तिनं स्वतःसाठी तांदळाची खीर केली. हे लिहायला बरं वाटत नाही, पण केली होती.

त्या दोन हिवाळ्यांत कमळ येऊन-जाऊन होती. तिला आता निरनिराळ्या गावांची कीड हवी होती. पालीकडं जाणार म्हणाली तेव्हा ठमाबाईनंच सांगितलं, "तिथं माझी जनी हाय, तिच्याकडं भाकरी खाऊन ये." कमळ गेली, जेवली आणि येताना जनीच्या शेतातलं एक वांग्याचं मूळही घेऊन आली.

पासष्टच्या माघात, टळटळीत दुपारी, येसाजीचा निरोप आला: ती शिकलेली बाय आली आहे, ओटीवर बोलावते. ठमाबाई गेली. नाही गेली तर संशय यायचा, आणि शिवाय दिराचं तोंड जवळून बघायची तिला हौस होती. येसाजी खांबाला टेकून बसला होता. पोटऱ्या वाळलेल्या, दाढी वाढलेली. चंद्राबाई आत चुलीपाशी होती. कमळनं वही उघडली होती आणि तिचा चेहरा परीक्षेत पहिली आलेल्या पोरीसारखा फुलला होता.

"काका विचारत होते कीड आली कुठून," ती म्हणाली. "तेच सांगायला आले. ठमामावशी, तुमच्यामुळंच सुचलं, म्हणून तुम्हालाही बोलावलं. या किडीत बाप नाही. धागे मिसळत नाहीत, कमी होत नाहीत. आईचे जितके, तितकेच लेकीचे, नातीचे, पणतीचे. म्हणजे धागे मोजले की कुठली कीड कुणाच्या पोटची ते कळतं. मी वर्षभर मोजतेय. या पट्ट्यातल्या नऊ वाड्यांत चव्वेचाळीस निघाले. आणि तीन ठिकाणी अठ्ठेचाळीस. पुन्हा पुन्हा मोजले, अठ्ठेचाळीसच."

"तीन कुठली?" येसाजीनं विचारलं.

"एक ठमामावशींचा कुंपणाचा कोपरा. दुसरी तुमची ही वाडी. आणि तिसरी पार पालीजवळ, जनीच्या शेतात."

 पहिल्या दोन ठिकाणांची ठमाबाईला पर्वा नव्हती. ती बोलून गेली, "जनीला मी रोपं दिलीच न्हाईत. ती गावातच घेते. जनीला न्हाय दिली मी."

मग कुणाला दिली, हा प्रश्न विचारायची कुणाला गरज उरली नाही. कमळचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "मावशी, मी तुम्हाला सांगितलं होतं की त्या कोपऱ्यातलं..." ती थांबली आणि तिनं वही मिटली. आत चुलीपाशी फुंकणीचा आवाज थांबला.

येसाजी बोलला तेव्हा आवाज चढलेला नव्हता. "जनीला मी दिली. दर कार्तिकात देतो, तिच्या लग्नापासनं. बल्लाळेश्वराला जातो तवा वाटेत तिच्याकडं टेकतो. माहेरची रोपं माहेरच्या मानसानं द्यावी. कान्हा असता तर तोच गेला असता. त्या साली तुझा वानवळा आला. म्हटलं, आईच्या हातची हायत, निम्मी पोरीकडं जाऊ देत."

दर कार्तिकात दीर पालीला जातो हे ठमाबाईला ठाऊक होतं. पाप धुवायला जातो असं ती गावभर सांगायची.

"तिनं मला कदी सांगितलं न्हाय," ती म्हणाली.

"तू शपथ घातलेलीस म्हनून," येसाजी म्हणाला. मग तो उठला, ओटीच्या कडेला जाऊन थुंकला आणि परत आला. "वाडी मी तुझी घेतली, ठमा. ते मी नाकारत न्हाय. त्याचं तू मला बोलली असतीस, मारलं असतंस. आता मी तुला पंचांम्होरं न्हेऊ शकतो. न्हेत न्हाय. पन जनीला हे तू सांगायचं. तुझ्या तोंडानं. मी सांगनार न्हाय, हिला सांगू देनार न्हाय." तो कमळकडं बोट दाखवून म्हणाला. सूड काय एकट्या ठमाबाईलाच येत होता असं नाही. हा तिच्याहून जुना गडी होता, आणि त्यानं उभ्या उभ्या, दोन वाक्यांत, तिच्या बारा वर्षांची परतफेड केली.

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं पालीला गेली आणि तिथून चालत जनीच्या गावी. जनी शेतातच होती. दोन सालं हातची गेली होती. सासू म्हणत होती, सुनेच्या हातालाच गुण नाही, ही लावते ते वाळतं. जनी हे हसत सांगत होती, पण तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिनं एक झाड उपटून मुळं आईच्या पुढं धरली. गाठीवर गाठ.

"आये, तुला एक सांगायचं हाय, चिडू नको. ही रोपं काकानं दिलेली. दर साली देतो." ती थांबली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "तू म्हनायचीस, तो केसानं गळा कापील. त्यानं मुद्दाम अशी दिली असतील का गं?"

 चौदा वर्षांत ठमाबाईला मागून मिळालं नसतं असं दान समोर येऊन पडलं होतं. एक "व्हय" म्हणायचं होतं. जनीनं काकाला कायमचं तोडलं असतं. येसाजीची वाडी नासून जे झालं नाही ते यानं झालं असतं. येसाजीनं जपलेलं एकच चांगलं काम त्याच्याच अंगावर उलटलं असतं. तोही काही बोलला नसता, बोलणार नाही असं स्वतःच म्हणाला होता. शब्द तिच्या ओठांवर येऊन ठेपला होता.

तो तिनं गिळला. लेकीच्या मायेनं गिळला असं म्हणणं सोपं आहे, आणि थोडं खरंही आहे. पण ठमाबाईला ओळखणाऱ्यानं दुसरंही ओळखावं. जे तिनं एकटीनं, वर्षभर भेंडी लावून, हातानं चिखल थापून केलं होतं, ते येसाजीच्या नावावर चढावं हे तिला सोसवेना. त्यानं वाडी घेतली होती. हे तरी तिचं होतं.

"काकाचा हात न्हाय त्यात," ती म्हणाली. "माझ्याच मातीतली हाय ती कीड. मी त्याला मुद्दाम दिली. त्यानं तुला दिली."

जनीनं हातातल्या मुळांकडं पाहिलं. ती रडली नाही. हे न रडणं ठमाबाईनं ओळखलं. थोड्या वेळानं जनी वाकली आणि पुढचं झाड उपटायला लागली. ठमाबाई दुसऱ्या ओळीला लागली. दिवस कलेपर्यंत दोघींनी सगळी वांगी उपटून बांधावर ढीग केला आणि पेटवला. जनीनं तिला भाकरी दिली, एसटीच्या वाटेपर्यंत सोबत आली आणि गाडी येण्याआधीच मागं वळली.

त्या भाद्रपदात गौरीच्या सणाला जनी माहेरी आली. ठमाबाईनं घर सारवलं होतं, अळूची भाजी केली होती, पोरीला नवं लुगडं आणून ठेवलं होतं. कुंपणावरून तिनं जनीला येताना पाहिलं. जनीही थांबली. "आये, काकाकडं उतरते," ती म्हणाली, आणि डोक्यावरची पाटी सावरून पुढं गेली. लग्नाआधी घातलेली शपथ तिनं आईच्या डोळ्यांदेखत मोडली. येसाजीच्या ओटीवरून चंद्राबाईची हाक ऐकू आली, मग पाय धुवायच्या पाण्याचा आवाज. जनी तिथं दोन दिवस राहिली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी काकानं तिला गाडीत बसवून दिलं.